सव्वादोनाचा हात

वहिनी,

काल सकाळी दादाने टॅक्सी चाळीच्या मागच्या गल्लीत नळापलीकडे लावली, बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत नुसता बघत उभा राहिला. तुझं तेरावं परवा झालं. दोन आठवडे गाडी जागची हलली नव्हती. बाहेर काढायची तर आधी तेल बदलायला हवं, आणि तेल बदलायचं तर तो फिल्टर. तो कुठे बसवलाय हे तुला सांगायला नको.

काल जे झालं ते तुला सांगायचं आहे म्हणूनच लिहायला बसले आहे. पण त्याआधी तीन वर्षांपूर्वीचं आपलं भांडण काढावं लागेल. भांडण म्हणजे तरी काय, मी एक प्रश्न विचारला होता आणि तू उत्तर दिलं नव्हतंस. त्या उत्तराची वाट बघत मी तीन वर्षं तुझ्याशी मोजकंच बोलले. पाणी आलं, दूध उतू जातंय, दादा जेवला का. शाळेत मुलांशी मी जेवढं बोलते त्याच्या निम्मंसुद्धा घरात तुझ्याशी बोलत नव्हते. तू नऊ दिवसांच्या दुखण्यात गेलीस आणि प्रश्न माझ्याकडेच राहिला.

तुझ्याबद्दल इथे लोक बोलतात ते मी ऐकून घेते. शांत होती, कामाला वाघ होती, सवाष्ण गेली, भाग्याची. यातलं शांत होती हे खोटं आहे. तू बांगड्यांनी बोलायचीस. माळ्यावरून डबा काढताना, भाकरी थापताना, नळावर नंबर लावताना, कुठेही असलीस तरी कळायचीस. आई म्हणायची, ह्या बायलेचो आवाज हातात आसा.

फिल्टरचं काम तुझ्या गळ्यात कसं पडलं ते मला चांगलं आठवतं. दादाने ती जुनी विलायती गाडी घेतली तेव्हा सगळी चाळ बघायला उतरली होती. फिल्टर कुठे आहे हे कोणी बघितलं नव्हतं. इंजिनाच्या अंगाला, डायनॅमोच्या मागे, धुराचा नळ आणि स्टेअरिंगचा दांडा यांच्यामध्ये एक वाटी उलटी लटकावलेली. खालून तिचा बोल्ट लांब पान्याने फिरवता येतो. पण वाटी सुटली की ती धरायला, वर काढायला आणि परत जागेवर बसवायला हात वरूनच घालावा लागतो, आणि दादाचा पंजा तिथे मनगटाच्या अलीकडेच अडतो. विलायतेत सगळे मेकॅनिक लहान हाताचे असावेत. इथला मेकॅनिक सरळ डायनॅमो उतरवायचा, त्यात गाडीचा अख्खा दिवस जायचा. आणि डायनॅमोला हात लावायची आपल्या दादाची काही छाती नव्हती.

मग ते हरताळाचं वर्ष आलं. लालबाग-परळात दगड आणि गोळ्या, रस्त्यावर टायर जळताहेत, गिरण्या बंद, टॅक्सी बाहेर काढायची सोय नाही. गाडी उभीच आहे तर तेल तरी बदलू म्हणून दादा बॉनेटमध्ये डोकं घालून बसला, आणि वाटी खालून सुटून धुराच्या नळावर आदळली. तू भांडी घासत होतीस. राखेचे हात तसेच घेऊन गेलीस, आत वाकून बघितलंस आणि म्हणालीस, माजो हात जायत थय. आणि गेला. कासार तुझा हात बघून हसायचा, एवढ्या मोठ्या बाईला मुलीचं माप म्हणून. सव्वादोन.

तेव्हापासून ठरूनच गेलं. हरताळ म्हणजे फिल्टर. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे हे बाहेर लोक ओरडत असायचे आणि आपल्या गल्लीत तुम्हा दोघांचं काम चालायचं. दादा गाडीखाली उताणा, फक्त पाय बाहेर. तू वर, बॉनेटमध्ये खांद्यापर्यंत. एकमेकांचं तोंड दिसत नाही, रस्त्यावरच्या घोषणांत आवाजही पोचत नाही. म्हणून दादा पान्याने ठोकायचा. एकदा ठोकलं की धर, दोनदा ठोकलं की सोड. आणि तू उजव्या हाताच्या बांगड्या मडगार्डवर वाजवायचीस, म्हणजे कळलं. मी ओट्यावर वह्या तपासत बसलेली असायचे. टक. किणकिण. टकटक. किणकिण. तुम्हा दोघांना मी एरवी कधी इतकं सुरळीत बोलताना ऐकलं नाही.

उजव्या हाताच्या बांगड्या म्हणते, कारण डावा हात आत जायचा आणि त्यातल्या काढाव्या लागायच्या. पहिल्या खेपेला तू न काढता घातलास, दोन फुटल्या आणि काचेचा तुकडा इंजिनात कुठे गेला ते शोधण्यात तास गेला. दुसऱ्या खेपेला तू काढायला लागलीस आणि आईने आकांत मांडला. तिचंही खोटं नव्हतं. बाहेर माणसं मरत होती, आणि सवाष्ण बाई भर दिवसा हात उघडा करते.

"घोव गाडयेखाली निजलो आसा आणि तू हात उघडो करतंस? दोरो तरी बांध गो!"

मग सुताचा दोरा आला. कासाराकडे बांगड्या बदलताना बायका बांधतात तसा, हात रिता राहू नये म्हणून. तो दोरा मनगटाला, आणि त्याच्यावर हळूहळू चढत जाणारं काळं तेल. काम झालं की तू रॉकेल आणि राखेने हात धुवायचीस, बांगड्या परत भरायचीस आणि दोरा खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवायचीस. टाकायचा नाही म्हणायचीस. का ते मी विचारलं नाही. परवा मोजले, अकरा आहेत. सगळे काळे कडक झालेत. खिळ्यावरून काढावेत असं आईला वाटतं. मी अजून काढलेले नाहीत.

तू ते काम नुसतं करायची नाहीस, तू त्यात शहाणी झालीस. फिल्टरच्या आतली गुंडाळी बाजारात मिळेनाशी झाली तेव्हा दादा हवालदिल झाला होता. तू शेजारच्या बिऱ्हाडातून गिरणीतल्या फलानिनीचा तुकडा आणलास. सायझिंग खात्यात रुळाला गुंडाळतात, झिजली की फेकतात, तीच. मापाची कापलीस, दुहेरी शिवलीस आणि नळीवर चढवलीस. दादा म्हणाला, इंजिनाला झबलं शिवलं हिने. चालली की. वाटीच्या काठाचं जुनं रबरी कडं खोबणीत चिकटून राहतं आणि त्याच्यावरच नवं बसवलं तर सगळं तेल गळून जातं, हेही तूच शोधलंस. डोळ्यांना ते दिसतच नाही. तू अंबाड्याचा आकडा काढून खोबणीत फिरवायचीस आणि बोटाने चाचपून सांगायचीस, निघाला. तुझ्या डाव्या हातावर कोपराखाली धुराच्या नळाचा चटका होता, बोटभर लांब. तुला न्यायच्या आधी अंघोळ घातली तेव्हा मी तो दारातून बघितला.

हे सगळं मी कौतुकाने लिहिते आहे. तेव्हा कौतुक दाखवलं नव्हतं, कारण भांडण.

भांडण झालं त्या दिवशी हरताळ होता की नुसतीच सभा होती आणि दादाने गाडी काढली नव्हती, नक्की आठवत नाही. तू बांगड्या काढायला बसली होतीस, आईची कुरकुर चालू होती. तुझा हात आदल्या खेपेच्या चटक्याने सुजलेला होता. मी वह्या बाजूला ठेवल्या आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "आज मी घालते हात. माझ्या हातात काढायला काही नाहीच."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले. आई तांदळात खडे बघायला लागली. दादा गाडीखाली होता. माझे यजमान जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं मी हळदीकुंकवाला आतल्या खोलीत बसत होते, आणि दादाने ही गाडी आणली तेव्हा नारळ फोडताना मागे उभी राहिले होते. कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. पण तुझ्याकडून मला वेगळी अपेक्षा होती, आणि ती का होती तेही सांगते.

मी विधवा झाले त्याच्या दहाव्या दिवशी बांगड्या फोडायला बायका दगड घेऊन बसल्या होत्या. तू लग्न होऊन जेमतेम सहा महिन्यांची. सवाष्णीने त्या कामाला हात लावायचा नसतो. तू उठलीस, माझं मनगट धरून मला मोरीत नेलंस आणि कडी लावलीस. बायका बाहेरून ओरडत होत्या. तू हाताला साबण लावलास, माझा अंगठा दुमडून करंगळीच्या मुळाशी नेलास. मी हात घट्ट आवळून धरला होता, बांगड्या हलेनात. तेव्हा तू म्हणालीस, "हात ढिलो सोडा, वन्सं. रडा होया तर, पण हात ढिलो सोडा." मी रडले नाही. पण हात सोडला, आणि तू सगळ्या बांगड्या एकेक करून अख्ख्या काढल्यास. बाहेर येऊन त्या बायकांतल्या म्हातारीला म्हणालीस, "फोडल्यार काच लागता हाताक." त्यांनी तुला काय काय ऐकवलं ते मी ऐकलंय.

तर अशी तू. आणि तीच तू त्या दिवशी माझ्या मनगटाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "नको वन्सं. माकाच जमता ता. तुमी रवा."

"का?" मी विचारलं. "माझा हात लागला तर गाडी चालायची नाही का?"

तू तोंड उघडलंस. पुन्हा माझ्या हाताकडे बघितलंस. मग तोंड मिटलंस, दोरा बांधलास आणि सुजलेला हात आत घातलास. टक. किणकिण.

मला आणखी पुरावा नको होता. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, इथे तर हातात काकणही नव्हतं. मी ठरवून टाकलं की तूही शेवटी त्यांच्यातलीच. नवऱ्याच्या पोटापाण्याच्या गाडीला माझा हात नको, एवढाच त्याचा अर्थ. आईबद्दल मला हे वाटलं असतं तर मी विसरले असते. तुझ्याबद्दल नाही विसरले.

तू मात्र भांडण असल्यासारखी वागली नाहीस, याचा मला जास्त राग यायचा. शाळेत न्यायचा माझा डबा तसाच भरत राहिलीस. माझ्या पातळांवरचा खडू झटकत राहिलीस. बायकांचा मोर्चा निघाला तेव्हा मी येणार नाही म्हणाले, तरी मला ओढून नेलंस. दादरच्या पुढे गर्दी इतकी झाली की पोरं आयांपासून सुटत होती. तू माझं मनगट धरलं होतंस. तुझी बोटं माझ्या मनगटाभोवती पोचत नव्हती, अंगठा आणि मधलं बोट यांच्यात चांगली बोटभर फट राहिली होती. पोलिसांनी मोर्चा अडवला, ढकलाढकली झाली, तरी तू सोडलं नाहीस. मनगट दोन दिवस दुखत होतं. मी म्हटलं नाही की धरलंस ते बरं केलंस. आता म्हणते. बरं केलंस.

येत्या महिन्याच्या एक तारखेला राज्य होतंय. मुंबईसह. चाळीत वर्गणी, पताका, सगळं चाललं आहे. तू एकदा म्हणाली होतीस, राज्य झाल्यावर हरताळ संपतील, मग फिल्टर कधी बदलायचा? मला तेव्हा हसू आलं होतं आणि मी ते दाबलं होतं. तेवढं एक हसायला हवं होतं.

तू गेलीस त्या दिवशी चुडा भरायला शेजारच्या बायका जमल्या. मी अर्थातच बाहेर होते. आतून कोणीतरी विचारलं, माप काय गं हिचं? कोणालाच माहीत नव्हतं. मी दाराबाहेरून सांगितलं, सव्वादोन. हिरव्या सव्वादोनाच्या आणल्या, आणि गेल्या बरोबर. तुझ्यासाठी त्या दिवशी माझ्या हातून तेवढंच झालं.

तर आता कालचं.

दादा बॉनेटपाशी उभा होता. मेकॅनिककडे नेऊ म्हणाला, मग म्हणाला गाडी तशी नको न्यायला, तेल फार काळं झालंय. चौदा दिवसांत तो एवढाच बोलला असेल. मी जवळ गेले आणि तेच वाक्य म्हणाले, तीन वर्षांपूर्वीचं. "मी घालते हात."

खरं सांगते, मला फिल्टरशी कर्तव्य नव्हतं. दादा नाही म्हणतो का ते मला बघायचं होतं. तुझं उत्तर त्याच्या तोंडून मिळालं असतं तरी मला चाललं असतं. त्याने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला आला आणि थांबला. "बघ," म्हणाला आणि पाना घेऊन गाडीखाली शिरला. आई मागच्या दारात येऊन उभी होती. मला वाटलं, आता ही बोलणार. ती म्हणाली, "पदर खोच गो, अडकात खयतरी."

एवढंच. कोणाची हरकत नव्हती. मी पदर खोचला, आकडा दातात धरला आणि हात आत घातला. डायनॅमोच्या मागून, तू घालायचीस तसा, तळवा इंजिनाकडे करून. बोटांच्या टोकांना वाटी लागली. थंड आणि चिकट. आणखी दोन बोटं पुढे जायला हवं होतं. मी रेटलं. अंगठ्याच्या बुडाशी हात अडला. पुन्हा रेटलं, आणि मग हात पुढेही जाईना, मागेही येईना.

खालून दादाने ठोकलं. टक. धर.

तो विसरला होता की वर कोण आहे. किंवा विसरला नसेल, सवयीने ठोकलं असेल. तो उत्तराची वाट बघत थांबला. मडगार्डवर माझा उजवा हात होता आणि माझ्याकडे वाजवायला काही नव्हतं. त्याने पुन्हा ठोकलं. मी तळव्याने मडगार्डवर थापटलं, पण तो आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. थोड्या वेळाने त्याचे पाय हलले आणि तो बाहेर आला. डोळे पुसून तेल गालावर आलं होतं. त्याने आत अडकलेला माझा हात बघितला.

"तिना बोल्लेला," तो म्हणाला. "वन्संचो हात अडीचाचो. थय जावचो नाय."

"कधी?"

"तू भांडलंस त्याच दिवशी. रात्री जेवताना."

"मगे माका कित्याक नाय सांगलंस?"

"शपथ घातलेली तिना. वन्संच्या म्होरे काकणांचा माप काढू नकात, म्हणालेली. तेंका तो दिवस आठवात."

अडीच. अकरा वर्षांत हा आकडा मी उच्चारला नव्हता. मोरीत माझ्या हातातून बांगड्या काढताना तू तो बघितला होतास आणि ध्यानात ठेवला होतास. तीन वर्षांपूर्वी तू माझ्या मनगटाकडे दोनदा बघितलंस ते मापासाठी. एक शब्द बोलली असतीस तर भांडण तिथल्या तिथे मिटलं असतं. तू तो बोलली नाहीस. मी तुला हलकी समजले, तेही तू चालवून घेतलंस.

दादा म्हणाला डायनॅमोचे बोल्ट ढिले करतो, थांब. म्हटलं, नको. मी हात घट्ट आवळून धरला होता, तेव्हासारखाच. अंगठा दुमडून करंगळीच्या मुळाशी नेला. रडा होया तर, पण हात ढिलो सोडा, वन्सं. तेव्हा मी तुझं अर्धंच ऐकलं होतं.

काल दोन्ही ऐकलं. हात निघाला.